खोबरेल, टोरीचं तेल आणि बाबांची गोळी

आजचा एपिसोड थोडा घरगुती आहे आणि मला स्वतःला जरा अवघड जाणारा आहे. कारण यात चूक माझीच आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे आज जे ऐकाल ते ऐकून कोणाचंही औषध बदलू नका. हे वाक्य मी इतकं ठासून का म्हणतोय, ते पुढच्या पाच मिनिटांत कळेलच.

मी गोंदिया जिल्ह्यातला. देवरी तालुक्यात आमचं गाव आहे. घरी आई, बाबा, आजी आणि धाकटा भाऊ. बाबांना दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, नागपूरला नेलं, एक स्टेंट टाकला. घरी येताना गोळ्यांची पिशवी मिळाली. त्यात एक रात्रीची गोळी होती, स्टॅटिन. कोलेस्टेरॉल कमी ठेवणारी.

आता माझी बाजू ऐका. मी पुण्यात बसून दिवसाला दहा रील्स बघायचो. एकात एक धडधाकट माणूस सांगायचा की रिफाइंड तेल म्हणजे विष आणि खोबरेल म्हणजे अमृत. दुसऱ्यात कोणी म्हणायचं, कोलेस्टेरॉलची भीती हा सगळा औषधं विकायचा धंदा आहे. मला ते पटलं. म्हणजे खरं सांगू का, मला ते पटवून घ्यायचं होतं. बाबा आजारी आहेत, मी ९०० किलोमीटरवर आहे, आणि मी काहीतरी करू शकतो ही भावनाच भारी होती. मी घाणीच्या खोबरेल तेलाच्या महागड्या बाटल्या ऑनलाइन मागवून घरी पाठवल्या. फॅमिली ग्रुपवर रील्स टाकल्या. बाबांना फोनवर सांगितलं, सकाळी उपाशीपोटी दोन चमचे घ्या, भाजीलाही हेच वापरा, सगळं नॅचरल आहे.

बाबांनी घेतलं. पोरगा इंजिनिअर आहे, शिकलेला आहे, म्हणतोय तर बरोबरच असेल. आणि एक गोष्ट त्यांनी मला न सांगता केली. रात्रीची गोळी बंद केली. कारण मीच पाठवलेल्या एका रीलमध्ये म्हटलं होतं की हे तेल घेतलं की गोळीची गरज नाही. ती रील मी शेवटपर्यंत बघितलीसुद्धा नव्हती.

चार महिन्यांनी रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते आधीच्या रिपोर्टमध्ये ६८ होतं. नव्या रिपोर्टमध्ये १५१. भावाने फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसात होतो. मी तो आकडा झूम करून तीनदा वाचला. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली हवं, आणि हल्लीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तर ५५ च्याही खाली.

त्याच आठवड्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला निघालो. पुण्याहून बसलं की एक अख्खा दिवस गाडीतच जातो. त्या प्रवासात मी रील्स बघितल्या नाहीत. खरेखुरे शोधनिबंध वाचले. आज त्यातलंच सांगणार आहे, आमच्या घराच्या हिशोबाने.

पहिली गोष्ट डिबगिंगची. जे कोड लिहितात त्यांना माहीत आहे, एकाच वेळी दोन बदल केले आणि सिस्टीम पडली तर दोष कुणाचा, हे सांगता येत नाही. आमच्याकडे तेच झालं. तेल बदललं आणि गोळीही बंद झाली. मग मी बाबांची जुनी फाईल काढली. त्यात गोळी सुरू होण्याच्या आधीचा एक रिपोर्ट सापडला. एलडीएल १३८.

बघा आता. गोळी नव्हती तेव्हा १३८. गोळीने ६८. गोळी बंद आणि खोबरेल सुरू, तर १५१. म्हणजे ८३ ची जी उडी होती, त्यातली ७० गोळी थांबल्यामुळे. उरलेली १३ तेलामुळे असू शकते, किंवा तेवढा फरक दोन तपासण्यांमध्ये असाच पडू शकतो. एका माणसावरून तेलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण एवढं कळलं की मी ज्या तेलावरून ग्रुपवर तास तास भांडत होतो, तो १३ चा विषय होता. ७० चा विषय एका छोट्या गोळीत होता.

मग तो १३ चा विषय खरा आहे का? म्हणजे खोबरेल तेलाने कोलेस्टेरॉल वाढतं का?

आधी थोडं शास्त्र, अगदी थोडं. प्रत्येक तेलात तीन प्रकारचे फॅट मिसळलेले असतात. सॅच्युरेटेड, मोनोअनसॅच्युरेटेड आणि पॉलिअनसॅच्युरेटेड. सॅच्युरेटेडला मराठी पुस्तकात संपृक्त म्हणतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे थंडीत जे गोठतं त्यात हे जास्त. आपलं लिव्हर रक्तातलं एलडीएल उचलून घेतं, त्यासाठी त्याच्या पेशींवर रिसेप्टर असतात. संपृक्त फॅट जास्त खाल्लं की हे रिसेप्टर कमी होतात. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि वर्षानुवर्षांनी रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं.

आता कुठल्या तेलात किती संपृक्त? ढोबळ आकडे. खोबरेलात जवळपास ८५ ते ९० टक्के. तुपात ६० च्या वर. पाम तेलात साधारण निम्मं. राइस ब्रान आणि शेंगदाणा २० च्या आसपास, सोयाबीन १५, सूर्यफूल आणि जवस १० च्या जवळ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरीपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त संपृक्त फॅटमधून येऊ नयेत. २००० कॅलरी धरल्या तर ते होतं साधारण २२ ग्रॅम. खोबरेलाच्या एका मोठ्या चमच्यातच १२ ग्रॅम निघतात. बाबा सकाळीच दोन चमचे घेत होते. म्हणजे चहा पिण्याआधीच कोटा संपला.

आता म्हणाल, "पण कोकणात, गोव्यात, केरळात लोक पिढ्यान्‌पिढ्या खातातच की." बरोबर प्रश्न आहे, आणि मी याची दुसरी बाजूही वाचली. पॅसिफिक महासागरात तोकेलाऊ नावाची छोटी बेटं आहेत. तिथल्या लोकांना निम्म्याहून जास्त कॅलरी नारळातून मिळायच्या. १९८१ साली त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल शेजारच्या बेटापेक्षा जास्त, पण हृदयविकार क्वचित. पण ते लोक अख्खा नारळ खायचे, चोथ्यासकट, सोबत मासे. आमच्या बाबांसारखं भात, चहा, बिस्किट आणि वरून बाटलीतलं तेल नव्हे.

मग २०१८ ची केंब्रिजची चाचणी. ९४ लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल दिलं. लोण्याने एलडीएल वाढलं, खोबरेलाने ऑलिव्हच्या तुलनेत वाढलेलं दिसलं नाही. रीलवाल्यांना हीच चाचणी आवडते. केरळात २०० हृदयरुग्णांवर दोन वर्षं खोबरेल विरुद्ध सूर्यफूल अशी चाचणी झाली, २०१६ मध्ये छापून आली. काही खास फरक नाही. पण नीट वाचलं तर हे रुग्ण हृदयविकाराचे नेहमीचे औषधोपचार चालू ठेवून होते. स्टॅटिन चालू असताना. मी हे वाचलं तेव्हा गाडी बहुतेक भुसावळच्या आसपास होती, आणि मी डोळे मिटून बसलो. जी चाचणी खोबरेलाच्या बाजूने सांगतात, त्यातल्या रुग्णांनी गोळी सोडली नव्हती.

आणि सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर? २०२० मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात १६ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल साधारण १० ने वाढतं. चांगलं समजलं जाणारं एचडीएलही थोडं वाढतं, सुमारे ४ ने. पण एचडीएल वाढल्याने हृदयविकार टळतो असं औषधांच्या चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही, त्यामुळे तो जमाखर्च बरोबरीत सुटत नाही.

अजून एक युक्तिवाद असतो, एमसीटीचा. म्हणजे खोबरेलात मध्यम साखळीचे फॅट आहेत, ते लगेच जळतात. ज्या संशोधनाचा दाखला देतात ते खास बनवलेल्या एमसीटी तेलावर झालंय. खोबरेलात तसे फॅट जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं आणि ते शरीरात बरंचसं लांब साखळीच्या फॅटसारखंच वागतं.

तर खोबरेल विष आहे का? अजिबात नाही. मालवणी कालवणाला त्याची जी चव आहे ती दुसऱ्या कशाला नाही. पण ते औषधही नाही. आणि आमच्या गोंदियात तर ते मुळात केसांना लावायचं तेल आहे, हे आजीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता आजीकडे येऊ, कारण आमच्याकडचं खरं "नॅचरल" तेल तिला माहीत आहे. टोरीचं तेल.

मोह सगळ्यांना माहीत आहे, पण दारूसाठी. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात. नंतर पावसाच्या तोंडावर फळं पिकतात, आणि त्यातल्या बीला कुठे टोळ म्हणतात, आमच्या झाडीपट्टीत टोरी. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात बायका-पोरं ती वेचतात, फोडतात, वाळवतात आणि तेल काढून आणतात. आजी सांगते, तिच्या लहानपणी पुऱ्या, वडे सगळं यातच. दिव्यालाही हेच, अंगाला लावायलाही हेच. थंडीत ते डब्यात गोठतं, पांढरट-पिवळं तुपासारखं होतं.

मघाची खूण आठवा. गोठतं म्हणजे संपृक्त जास्त. टोरीच्या तेलात ते साधारण ४५ टक्क्यांच्या घरात आहे. खोबरेलाच्या निम्मं, पण सोयाबीनच्या तिप्पट. म्हणजे आमच्या पूर्वजांचं तेल म्हणून ते आपोआप हृदयाला चांगलं होत नाही. पण त्याचा एक गुण आहे. असं तेल तापवल्यावर पटकन बिघडत नाही. तळणाला टिकतं. आणि आजीच्या काळी तळण सणालाच व्हायचं. एक डबा वर्षभर पुरवायचा, कारण एकेक टोरी वाकून वेचलेली. तेल महाग नव्हतं, मेहनत महाग होती. ती मेहनतच त्यांची मर्यादा होती.

दुसरं आमचं तेल जवसाचं. धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात जवस नाहीतर लाखोळी फेकतात. याला उतेरा म्हणतात. धान निघतं आणि खाली दुसरं पीक उभं असतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं. रीलवाले ज्या फ्लॅक्ससीडच्या छोट्या पाकिटाला केवढे पैसे घेतात ना, ते हेच आपलं जवस! मात्र याची अडचण उलटी. हे फार नाजूक तेल. कच्चं असेल तर साधारण १०७ अंशांलाच धुरायला लागतं, आणि ठेवलं तर लवकर खवट होतं. त्यामुळे जवसाच्या तेलात तळू नका. भातावर वरून घ्या, नाहीतर सरळ जवसाची चटणी खा. तिच्यात चोथाही मिळतो.

आणि तिसरं, आमच्या डोळ्यांसमोरचं, ज्याला आम्ही आपलं मानतच नाही. गोंदिया म्हणजे राइस मिलची नगरी. धान भरडून तांदूळ पॉलिश केला की कोंडा निघतो. त्यात १५ ते २० टक्के तेल असतं. पण भरडताक्षणी त्यातलं एक एन्झाइम तेल फोडायला लागतं, काही तासांतच खराबी सुरू होते. म्हणून कोंडा पटकन कारखान्यात न्यावा लागतो, आणि तिथे तेल दाबून नाही तर हेक्झेन नावाच्या द्रावणात विरघळवून काढतात, मग द्रावण उडवून तेल रिफाइन करतात. तेच राइस ब्रान तेल.

ऐकायला कसं वाटतं? हेक्झेन, रिफायनरी. रीलच्या भाषेत शुद्ध विष. आणि तरीही रचना बघितली तर संपृक्त फक्त २० टक्क्यांच्या आसपास, तापवायला टिकाऊ, शिवाय ओरायझॅनॉल नावाचा घटक, आणि चाचण्यांमध्ये एलडीएल थोडं कमी होताना दिसलंय. इथे माझं डोकं खऱ्या अर्थाने जाग्यावर आलं. "नॅचरल" हा शब्द तेल कसं काढलं ते सांगतो. तेलात काय आहे ते सांगत नाही. घाणीच्या तेलाला वास असतो, चव असते, काही चांगले घटक शिल्लक राहतात, हे खरं. पण घाणीत घातलं म्हणून खोबऱ्यातलं संपृक्त फॅट कमी होत नाही.

मग रिफाइंडवाले बरोबर का? थांबा, तसंही नाही. कारखान्यानेच एक फार मोठी चूक केली होती. वनस्पती तूप. द्रव तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करायचं, त्यात ट्रान्स फॅट तयार व्हायचं. ते संपृक्तपेक्षाही वाईट. एलडीएल वाढवतं आणि एचडीएल कमी करतं. आपल्याकडे एफएसएसएआयने त्याची मर्यादा ५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३ आणि २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. तेव्हा कारखान्यावर आंधळा विश्वास नको आणि घाणीवरही नको.

आणि एक धोका तेल कुठलंही असो, तोच. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणं. चौकातल्या कढईतलं काळं झालेलं तेल आठवा, ज्यात सकाळपासून आलूबोंडे निघतायत. नियम असा आहे की तेलात बिघडलेले घटक, ज्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण फेस, काळेपणा, चिकटपणा आणि डोळ्यांत जाणारा धूर दिसतोच. तळणाचं उरलेलं तेल एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणाला नको.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. किती तेल? आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. मी आईला विचारलं, महिन्याला किती तेल लागतं? ती म्हणाली, एक पाच लिटरचा डबा. घरात चार माणसं. लिटरला ९१० ग्रॅम, म्हणजे ४५५० ग्रॅम. भागिले चार, भागिले तीस. माणशी रोज ३८ ग्रॅम. आणि यात बाहेरचं खाणं धरलेलंच नाही.

तुम्हीही आज घरी हा हिशोब करा. चार माणसांना महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास पुरायला हवं. तूप घेत असाल तर तेल अजून कमी.

आमच्याकडे आता काय ठरलंय? रोजच्या भाजीला राइस ब्रान आणि शेंगदाणा, आलटून पालटून. जवसाची चटणी जेवणात नेहमी. तूप वरणावर, अर्धा चमचा. टोरीचं तेल सणाला, आजीच्या हातचं. माझ्या महागड्या बाटल्यांपैकी दोन उरल्या होत्या, त्या सध्या डोक्याला लागतायत. आणि बाबांची गोळी डॉक्टरांना विचारून त्याच आठवड्यात परत सुरू झाली. पुढच्या तपासणीत एलडीएल ७१ आलं. अजून खाली आणायचंय, पण श्वास घेता आला.

त्या सुट्टीत एका संध्याकाळी मी बाबांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "जाऊ दे बेटा, तू चांगल्यासाठीच केलं." तेच जास्त लागलं. आजी बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तेल बदलवा म्हनलास थे ठीक. पन गोरी कायले बंद होऊ देल्ली गा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चार महिने तेल आवडलं का विचारत होतो. गोळी घेतली का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून आज एवढंच काम करा. घरापासून लांब असाल तर फोन लावा. रील फॉरवर्ड करू नका. आई-बाबांना विचारा, डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे ना? आणि बंद केली असेल तर रागावू नका, का बंद केली ते ऐका. कदाचित कारण तुमच्याच चॅटमध्ये सापडेल.

तुमच्याकडे कुठलं तेल वापरतात, टोरी, करडी, तीळ, काहीही, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या जी.